अजिंक्यपदाची वही कोणाच्या हाती?

२० एप्रिल २०२५ रोजी लास वेगासमध्ये जॉन सीनाने कोडी ऱ्होड्सला हरवलं आणि डब्ल्यूडब्ल्यूई या व्यावसायिक कुस्तीच्या अमेरिकन कंपनीने जाहीर केलं, की सीना १७ व्यांदा जगज्जेता झाला. रिक फ्लेअर या जुन्या मल्लाचा १६ वेळांचा विक्रम मोडला. बातमी जगभर गेली. १७ हा आकडा टी-शर्टांवर आला, चाहत्यांच्या वादांत आला. पण त्याच्या खाली जो १६ आहे तो कोणी मोजला, हे फारसं कोणी विचारलं नाही. मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

फ्लेअरने पहिल्यांदा अजिंक्यपद मिळवलं ते १७ सप्टेंबर १९८१ रोजी, कॅन्सस सिटीत, डस्टी ऱ्होड्सला हरवून. ते अजिंक्यपद डब्ल्यूडब्ल्यूईचं नव्हतंच. नॅशनल रेसलिंग अलायन्स, म्हणजे एनडब्ल्यूए, या प्रमोटरांच्या, म्हणजे कुस्त्या भरवणाऱ्या व्यावसायिकांच्या, संघटनेचं होतं. पुढे १९८२ मध्ये सांतो डोमिंगोला जॅक वेनेनो या तिथल्या लाडक्या मल्लाने त्याला हरवलं. १९८३ च्या जानेवारीत पोर्तो रिकोत कार्लोस कोलोनने हरवलं. मार्च १९८४ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनला हार्ली रेसने अजिंक्यपदाचा पट्टा घेतला आणि काही दिवसांत सिंगापूरला फ्लेअरने तो परत मिळवला. या प्रत्येक ठिकाणी लोक तिकीट काढून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पट्टा एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर गेला. अधिकृत यादीत मात्र या कुस्त्यांची वाट वेगवेगळी झाली: काही कधीच मानल्या गेल्या नाहीत, काही अनेक वर्षांनी मानल्या गेल्या. त्यामुळे फ्लेअर किती वेळा जगज्जेता झाला याचं उत्तर कोणी १६ देतं, कोणी २१, कोणी त्याहूनही जास्त. १६ हे उत्तर एका कंपनीचं आहे. त्या कंपनीने २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली, जुन्या चित्रफितींचे साठे गोळा केले, आणि मोजण्याचा अधिकारही आपल्याकडे आला असं धरून ती चालली.

यावर पहिला आक्षेप मला पाठ आहे. या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो. जिंकणं-हरणंच जिथे लुटुपुटूचं, तिथे कसला इतिहास आणि कसली नोंद? मी हा आक्षेप गंभीरपणे घेतो, कारण तो घेणारे बहुतेकजण तालमीची आणि निकाली कुस्तीची कदर असणारे असतात. पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. नाटकात मेलेला राजा पडदा पडल्यावर उठतो, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. तरीही तो प्रयोग कोणत्या तारखेला, कोणत्या नाट्यगृहात झाला आणि राजाची भूमिका कोणी केली, हे खरंच असतं. उद्या निर्मात्याने सांगितलं, की कोल्हापूरला झालेला प्रयोग झालाच नाही, किंवा जो झाला नाही तो साताऱ्याला झाला, तर त्याला आपण कलेचं स्वातंत्र्य म्हणणार नाही. निकाल ठरलेला असणं वेगळं आणि नोंद खोटी असणं वेगळं. पहिल्याला माझी काही हरकत नाही. दुसऱ्याला आहे.

माझं म्हणणं एवढंच: अजिंक्यपदावर ज्याचा धंदा चालतो, त्याच्याच एकट्याच्या हातात अजिंक्यपदाची वही असू नये. शंभराहून अधिक वर्षांचा या किताबाचा इतिहास पाहिला, की हे पुन्हा पुन्हा दिसतं.

सुरुवातीला किताब देणारी कोणतीही संस्था नव्हती. जॉर्ज हॅकेनश्मिट हा एस्टोनियात जन्मलेला, लंडन गाजवणारा मल्ल. ४ मे १९०५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने अमेरिकेच्या टॉम जेंकिन्सला हरवलं आणि लोक त्याला जगज्जेता म्हणू लागले. ३ एप्रिल १९०८ रोजी शिकागोत आयोवाच्या फ्रँक गॉचने त्याच्याशी दोन तासांहून अधिक वेळ झुंज दिली. शेवटी हॅकेनश्मिटने हार मानली आणि किताब गॉचकडे गेला. गॉचच्या अंगाला तेल होतं, असा आरोप हॅकेनश्मिटने नंतर केला. ४ सप्टेंबर १९११ ला शिकागोच्याच कॉमिस्की पार्कवर दोघे पुन्हा भिडले तेव्हा हॅकेनश्मिटचा गुडघा दुखावलेला होता, तरी सुमारे ३०,००० लोक जमले. जेत्याला हरवणारा तो नवा जेता, इतका साधा हिशेब. वही लोकांच्या आणि वार्ताहरांच्या हातात होती.

पण त्या साध्या हिशेबात एक मोठी फट होती. जेत्याने कोणाशी लढायचं हे जेताच ठरवत असे. १९१० साली गामा पहिलवान लंडनला गेला तेव्हा हेच झालं. ऑगस्टमध्ये त्याने अमेरिकेच्या डॉक्टर बेंजामिन रोलरला सहज लोळवलं. १० सप्टेंबरला पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिश्को त्याच्यासमोर आला आणि अडीच तासांहून अधिक वेळ जवळजवळ सगळा मॅटला चिकटून पडून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली, तेव्हा झ्बिश्को आलाच नाही. जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. हॅकेनश्मिट आणि गॉच यांच्यापैकी कोणाशीही गामाची कुस्ती कधी झाली नाही. पुढे १९२८ मध्ये पतियाळाला झ्बिश्को पुन्हा गामासमोर उभा राहिला आणि एका मिनिटाच्या आत चितपट झाला. जगज्जेतेपदाच्या प्रचलित यादीत गॉच आहे, हॅकेनश्मिट आहे, झ्बिश्कोही आहे. गामा नाही. ‘जागतिक’ म्हणवणाऱ्या त्या यादीचं जग किती लहान होतं, हे यापेक्षा स्पष्ट कशाने सांगता येईल? गामाला त्या यादीत आज मागाहून घुसवावं असं मी म्हणत नाही, तीही खोटी नोंदच ठरेल. यादीशेजारी एवढं लिहिलं जावं, की १९१० मध्ये त्याने हॅकेनश्मिट आणि गॉच यांना आव्हान दिलं होतं आणि ते स्वीकारलं गेलं नाही.

१९२० च्या दशकात किताब मल्लाच्या हातून प्रमोटरच्या हातात गेला. एड ‘स्ट्रँग्लर’ लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी कुस्तीचा फिरता कारखानाच उभारला. वेळेच्या मर्यादा, चटपटीत डाव, ठरलेले निकाल. ८ जानेवारी १९२५ रोजी त्यांनी वेन मन या धिप्पाड फुटबॉलपटूला लुईसकरवी जगज्जेता केलं. मनला कुस्ती जेमतेम येत होती. १५ एप्रिलला फिलाडेल्फियात त्याने झ्बिश्कोला हरवायचं असं ठरलं होतं. तोच झ्बिश्को, तेव्हा पंचेचाळिशीचा. त्याने शब्द मोडला आणि मनला खरोखरच पुन्हा पुन्हा पाडलं. पंचाला निकाल द्यावाच लागला. ३० मे रोजी सेंट लुईसला झ्बिश्को जो स्टेकरकडून हरला, आणि त्याच दिवशी इंडियानातल्या मिशिगन सिटीत लुईसने मनला हरवून आपणच जगज्जेते असल्याचं जाहीर केलं, कारण सँडोच्या गोटाने फिलाडेल्फियाचा निकाल मानलाच नव्हता. एका दिवशी, दोन गावांत, दोन जगज्जेते. मला हा प्रसंग या साऱ्या इतिहासाची किल्ली वाटतो. ठरवून दिलेला किताबसुद्धा शेवटी अंगातल्या खऱ्या कुस्तीवरच टिकतो, हे त्या रात्री प्रमोटरांना कळलं. आणि निकाल पसंत नसेल तर वहीचं पान फाडता येतं, हेही त्यांना कळलं.

त्यानंतरची वीस-बावीस वर्षं अमेरिकेत जगज्जेत्यांचं पीक आलं होतं. १८ जुलै १९४८ रोजी आयोवातल्या वॉटर्लू गावी मिडवेस्टचे काही प्रमोटर एका हॉटेलात जमले आणि एनडब्ल्यूए जन्माला आली. कल्पना सोपी होती: आपापला मुलूख वाटून घ्यायचा, एकमेकांच्या हद्दीत शिरायचं नाही आणि सगळ्यांनी मिळून एकच जगज्जेता मानायचा. कॅन्सस सिटीचा ऑर्व्हिल ब्राऊन पहिला मानकरी. दुसऱ्या एका संघटनेचा जगज्जेता लू थेझ याच्याशी नोव्हेंबर १९४९ मध्ये त्याची कुस्ती लावून दोन्ही किताब एक करायचे ठरले होते. १ नोव्हेंबरला ब्राऊनच्या मोटारीला भीषण अपघात झाला. जीव वाचला, कुस्ती संपली. किताब थेझला देण्यात आला.

थेझबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तो या किताबाचा कणा आहे. सेंट लुईसमधल्या एका जोडे बनवणाऱ्याचा हा मुलगा. जॉर्ज ट्रॅगोस आणि अॅड सँटेल यांच्यासारख्या वस्तादांकडून सांधे मोडणाऱ्या पकडी शिकला, २१ व्या वर्षी, १९३७ मध्ये, एक जागतिक किताब मिळवून बसला होता. प्रमोटरांनी त्याला निवडलं ते देखणा होता किंवा बोलघेवडा होता म्हणून नव्हे. रिंगणात कोणी शब्द मोडलाच, तर थेझ त्याला खरोखर आवरू शकत होता. झ्बिश्कोने शिकवलेला धडा चोवीस वर्षांनीही ताजा होता. २१ मे १९५२ रोजी लॉस एंजेलिसला थेझने बॅरन मिकेले लिओने याला हरवून तिकडचा किताबही आपल्यात सामावून घेतला. त्या रात्रीचा गल्ला एक लाख डॉलरच्या पुढे गेला. व्यावसायिक कुस्तीत असं पहिल्यांदाच होत होतं.

एनडब्ल्यूएच्या जगज्जेत्याचं आयुष्य ऐषारामाचं असेल असं कोणाला वाटलं तर तो गैरसमज आहे. तो संघटनेचा फिरता पाहुणा असे. आज टेक्सास, उद्या फ्लोरिडा, पुढच्या आठवड्यात जपान. प्रत्येक मुलखातल्या स्थानिक हिरोशी त्याने अशी कुस्ती करायची, की लोकांना वाटावं, आपला माणूस थोडक्यात हुकला. त्यासाठी अनेकदा ६० मिनिटांची बरोबरी. म्हणजे दमसास खरा लागायचा, अंग खरं ठेचायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रवास. सेंट लुईसचा सॅम मुश्निक त्याच्या तारखा ठरवी. वर जगज्जेत्याने संघटनेकडे अनामत ठेवायची, ठरल्या वेळी किताब सोडला नाही तर ती जप्त. फ्लेअरच्या काळात ही अनामत २५,००० डॉलर होती. १९९१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूने फ्लेअरला काढलं तेव्हा ही रक्कम परत मिळाली नव्हती, म्हणून तो सोन्याचा पट्टा घेऊन सरळ प्रतिस्पर्ध्याकडे, डब्ल्यूडब्ल्यूएफकडे, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईकडे गेला. पट्टा एका कंपनीच्या दूरदर्शन कार्यक्रमात, किताब दुसऱ्या कंपनीच्या कागदावर, आणि मधे वकील. मल्लावर विश्वास नाही म्हणून त्याच्याकडून पैसे ठेवून घेणारी ही व्यवस्था त्याच्याच घामावर उभी होती.

एनडब्ल्यूएचा काळ सोन्याचा होता असं म्हणणाऱ्यांत मी नाही. ती मक्तेदारी होती. सभासद प्रमोटर एकमेकांच्या हद्दी पाळायचे, बाहेरच्या प्रमोटरकडे काम करणाऱ्या मल्लाला आपल्याकडे उभं करायचे नाहीत, आणि जगज्जेत्याची तारीख फक्त सभासदाला मिळायची. एकदा नाव काळ्या यादीत गेलं की त्या मल्लाने पोट कुठे भरायचं? अमेरिकेच्या न्याय खात्याने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली आयोवाच्या संघीय न्यायालयात कारवाई केली आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये एनडब्ल्यूएला संमतीचा हुकूमनामा मान्य करून हे प्रकार थांबवण्याची हमी द्यावी लागली. हा हुकूमनामा फार कमी चाहत्यांना ठाऊक असतो, आणि मला तो अनेक गाजलेल्या कुस्त्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. जगज्जेतेपद हा मान तर होताच, पण ते मल्लांना आणि छोट्या प्रमोटरांना ताब्यात ठेवण्याचं हत्यारही होतं, हे सरकारदरबारी नोंदलं गेलं.

तरीही त्या व्यवस्थेत एक गुण होता आणि तो प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. वही अनेकांच्या हातात होती. तीसेक प्रमोटर एकमेकांवर मनापासून अविश्वास ठेवत, त्यामुळे एकट्याला यादीत खाडाखोड करणं सोपं जात नसे. एकट्याला जमत नसलं तरी सगळ्यांना मिळून ते करता येई, हे वेलिंग्टनने दाखवलं. तिथला किताबबदल संघटनेच्या मंडळाला न विचारता झाला होता, म्हणून मंडळाने तो झालाच नाही असं धरलं. वेलिंग्टनच्या प्रेक्षकाला कोणी विचारलं नाही. वही अनेक मालकांच्या हातात असणं हे एका मालकापेक्षा बरं, पण पुरेसं नाही.

आज आपण टीव्हीवर पाहतो तो डब्ल्यूडब्ल्यूईचा किताब याच एनडब्ल्यूएतून फुटून निघाला. ३० जून १९६१ रोजी कॉमिस्की पार्कवर ३८,००० हून अधिक लोकांसमोर बडी रॉजर्सने पॅट ओकॉनरला हरवलं. रॉजर्सच्या तारखांवर न्यूयॉर्कच्या व्हिन्स मॅकमहॉन सीनियर आणि टूट्स माँट या जोडीचा ताबा होता, आणि रॉजर्स इतर प्रमोटरांच्या वाट्याला येईना. २४ जानेवारी १९६३ रोजी टोरांटोत थेझने त्याच्याकडून किताब काढून घेतला. कुस्ती एकाच फेरीची होती, तीनपैकी दोनची नव्हती, हे निमित्त करून न्यूयॉर्कच्या या जोडीने निकाल नाकारला, नवी संघटना काढली आणि रॉजर्सला नव्याने जगज्जेता घोषित केलं. कशाच्या आधारावर? रिओ दी जानेरोत झालेल्या एका स्पर्धेच्या आधारावर. ती स्पर्धा कधी झालीच नाही. १७ मे १९६३ रोजी ब्रुनो सामार्तिनोने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉजर्सला ४८ सेकंदांत हरवलं आणि साडेसात वर्षांहून अधिक काळ तो किताब सांभाळला. त्या ४८ सेकंदांचे हजारो साक्षीदार होते. रिओचा एकही नाही. १९७९ मध्ये याच कंपनीने इंटरकॉन्टिनेंटल किताब सुरू केला, पॅट पॅटरसन पहिला मानकरी, आणि तो कुठे जिंकला म्हणून सांगितलं? पुन्हा रिओ दी जानेरोतल्या अशाच न झालेल्या स्पर्धेत. जाणकारांत ही गोष्ट आता थट्टेची झाली आहे. मला त्यात थट्टा दिसत नाही, कारण त्याच १९७९ साली या वहीतून एक खरी नोंद खोडली गेली.

३० नोव्हेंबर १९७९, जपानचं तोकुशिमा. अंतोनियो इनोकीने बॉब बॅकलंडला पाडून डब्ल्यूडब्ल्यूएफचा किताब घेतला. ६ डिसेंबरला तोक्योत पुन्हा कुस्ती झाली. पंजाबातून कॅनडात गेलेला टायगर जीत सिंग मधे पडला, बॅकलंडला विजयी ठरवून मग निकाल रद्द झाला आणि इनोकीने असा किताब घ्यायला नकार दिला. जपानी वृत्तपत्रांत हे सगळं आलं. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला कळूच दिलं नाही. कंपनीच्या यादीत बॅकलंडचं राज्य फेब्रुवारी १९७८ पासून डिसेंबर १९८३ पर्यंत अखंड आहे. २०१० मध्ये त्याच कंपनीने इनोकीला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये मानाने बसवलं, पण ती ओळ लिहिली नाही. घडलेलं तोकुशिमा यादीत नाही आणि न घडलेलं रिओ यादीच्या मुळाशी आहे. या वहीवर विश्वास कसा ठेवायचा?

आपल्या मुंबईशीही या गोंधळाचा एक धागा जोडलेला आहे. १९६८ च्या मे महिन्यात मुंबईत दारा सिंग यांनी लू थेझला हरवलं आणि ते जगज्जेते झाले, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. कुस्ती झाली आणि दारा सिंग जिंकले, याबद्दल वाद नाही. पण थेझकडे त्या वेळी एनडब्ल्यूएचा किताब नव्हता; ७ जानेवारी १९६६ लाच तो जीन किनिस्कीकडे गेला होता. अमेरिकेत त्या महिन्यात किनिस्की, सामार्तिनो आणि वर्न गान्या असे तीन जगज्जेते आपापल्या संघटनांचे पट्टे बांधून हिंडत होते. मग दारा सिंग कोणत्या जगाचे जेते? हे विचारल्याने त्यांचा अपमान होतो असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. किंग काँग या मल्लाशी झालेल्या त्यांच्या कुस्त्यांनी या देशातल्या दोन पिढ्यांना मैदानाकडे ओढलं. खेड्यापाड्यांत पोरं दंड-बैठका मारू लागली. त्या माणसाचं मोठेपण कोणत्याही अस्पष्ट पट्ट्यावर अवलंबून नाही. कोणाला, कोणत्या तारखेला, कोणत्या संस्थेच्या नावाखाली हरवलं, एवढं स्वच्छ लिहिलं तर त्यांच्या नावाला बळकटीच येईल.

आणि ज्यांना वाटतं की असले घोळ फक्त ठरलेल्या कुस्तीत होतात, त्यांनी २०२३ चा नोव्हेंबर आठवावा. कुस्तीगीर परिषदेतल्या फाटाफुटीमुळे त्या एका महिन्यात महाराष्ट्र केसरीच्या दोन स्पर्धा झाल्या. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने अंतिम फेरीत शिवराज राक्षेला हरवून गदा घेतली. त्याच महिन्यात धाराशिवला झालेल्या स्पर्धेत शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. दोन्हीकडे कुस्ती खरी, घाम खरा. तरी गावोगावच्या तालमींत प्रश्न तोच, जो १९२५ च्या मे महिन्यात अमेरिकेत होता: खरा केसरी कोण? संघटना फुटतात तेव्हा मल्लांची काही चूक नसते, पण नावापुढे प्रश्नचिन्ह त्यांच्याच लागतं. १९६१ पासून चालत आलेल्या या किताबाची यादी पुढे लिहिताना दोन्ही निकाल, दोन्ही ठिकाणं आणि दोन्ही आयोजकांची नावं लिहिली गेली पाहिजेत. सत्तेत जो गट असेल त्याने दुसऱ्याचं पान फाडलं, तर तोकुशिमा आपल्याकडेही होईल.

मालकी एका हाती आली की किताब कशासाठी वापरला जातो, याचं एक अलीकडचं उदाहरण आपल्याच बाजारपेठेचं आहे. मे २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने जिंदर महल या पंजाबी वंशाच्या कॅनेडियन मल्लाला रँडी ऑर्टनवर विजय देऊन जगज्जेता केलं. त्याआधी तो बहुतेक कुस्त्या हरणाऱ्यांतला होता. भारतात कंपनीला प्रेक्षक वाढवायचे होते, हे उघड होतं. नोव्हेंबरमध्ये मँचेस्टरला एजे स्टाइल्सने तो किताब घेतला, आणि डिसेंबरमध्ये दिल्लीत कार्यक्रम झाला तेव्हा भारतीय प्रेक्षकांसमोर जिंदर ट्रिपल एचकडून, म्हणजे कंपनीच्याच एका बड्या अधिकाऱ्याकडून, हरला. जिंदरने अंग कमावलं होतं, मेहनत घेतली होती, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. एनडब्ल्यूएचे तीस प्रमोटर कितीही स्वार्थी असले, तरी जगज्जेता निवडताना त्यांना एकमेकांना पटवावं लागे, हा माणूस तुमच्याही गावात चालेल म्हणून. एका मालकाला कोणालाच पटवावं लागत नाही. एनडब्ल्यूएचं तरी आज काय उरलं? २०१७ मध्ये गायक बिली कॉर्गनने ते नाव, त्याचे हक्क आणि पट्टा विकत घेतला. थेझने ज्यासाठी देशोदेशी अंग झिजवलं, तो किताब आता एका माणसाच्या मालमत्तेच्या यादीत आहे.

आता दुसरा आक्षेप: करमणुकीचा धंदा आहे, कंपनीला हवं ते तिने लिहावं, कोणाचं काय बिघडतं? बिघडतं ते मल्लाचं. अमेरिकेत या मल्लांना कंपन्या नोकर मानत नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार मानतात. म्हणजे नोकरदाराला मिळणारं संरक्षण नाही, निवृत्तिवेतनाची हमी नाही. शरीर मात्र खरंच मोडतं. एप्रिल १९७६ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्टॅन हॅन्सनबरोबरच्या कुस्तीत सामार्तिनोच्या मानेचा मणका मोडला, तो तेव्हा जगज्जेता होता, आणि दोन महिन्यांत पुन्हा रिंगणात उतरला. असा माणूस रिंगणातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्याकडे उरतं काय? नाव आणि नावापुढची नोंद. त्या नोंदीवर त्याला पुढे कार्यक्रमांची बोलावणी येतात, सही घ्यायला लोक रांग लावतात, त्याच्या आठवणींना किंमत मिळते. जॅक वेनेनोच्या नावापुढची ती ओळ खोडणं हे त्याच्या मिळकतीतून खोडणं आहे. म्हणून हा प्रश्न चाहत्यांच्या हट्टापुरता नाही, श्रमाच्या हक्काचा आहे.

करायला हवं ते अवघड नाही. कंपन्यांनी आपली अधिकृत यादी जरूर ठेवावी, पण तिच्यात न मानलेल्या बदलांचीही नोंद असावी: तारीख, गाव, दोघांची नावं आणि न मानण्याचं कारण. रिओच्या दोन्ही स्पर्धांपुढे ‘झाली नाही’ असं स्पष्ट छापावं. जुन्या चित्रफिती, करारपत्रं आणि संघटनांच्या बैठकांची इतिवृत्तं कंपनीच्या तळघरात न ठेवता विद्यापीठांच्या आणि सार्वजनिक ग्रंथालयांच्या हवाली करावीत, म्हणजे कंपनी विकली गेली तरी ती विकली जाणार नाहीत. न्याय खात्याच्या १९५६ च्या कारवाईमुळे एनडब्ल्यूएचा अंतर्गत कारभार संशोधकांना कागदोपत्री पाहता आला. इतर कंपन्यांचा कारभार पाहायला खटल्याची वाट का बघावी? आणि आपल्या क्रीडापत्रकारांनी ‘जगज्जेता’ असं मोघम न लिहिता कोणत्या संस्थेचा जेता ते लिहावं, आकडा देताना तो कोणाच्या मोजणीचा आहे तेही द्यावं. ‘डब्ल्यूडब्ल्यूईच्या मोजणीनुसार १७ व्यांदा’ असं लिहायला दोनच शब्द जास्त लागतात.